फ्लॉवरचा मोकळा दाणा

९ जानेवारी

प्रिय भिंगरी,

पाकिटांचा खोका सकाळच्या बसने पोचला. वरची दोन पाकिटं जरा मऊ पडली होती, बाकीची दगडासारखी कडक. बर्फाच्या कप्प्यातली माझी मटाराची पिशवी हाकलून त्यांना जागा दिली. पाकिटावरचं चित्र छान आलंय. पांढरा गड्डा, भोवती हिरवी पानं आणि खाली ठसठशीत अक्षरात "शंभर टक्के फ्लॉवर". टेलिफोन ऑफिसातून स्वेच्छानिवृत्ती घेऊन तू स्वस्थ बसणार नाहीस हे माहीत होतं, पण कारखाना काढशील असं वाटलं नव्हतं.

एवढ्याशासाठी पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देतेस कुठे? आणि पत्रांची खोड आपल्याला शाळेनेच लावली. रविवारी दुपारी सिस्टर सगळ्या बोर्डिंगला घरी पत्रं लिहायला बसवायच्या आणि तू शेजारी बसून मलाच पत्र लिहायचीस. भिंगरी कोण आणि मुनी कोण हे तेव्हाच ठरलं. पुढे तुझ्या दादाशी लग्न करून मी तुझी वहिनी झाले, पण तू कधी वहिनी म्हटलंस की माझ्यामागे दुसरीच कोणी बाई उभी आहे की काय, म्हणून वळून बघावंसं वाटतं.

मनगटाचं विचारलं होतंस. दुखतं. वर्षभर रोज गड्डा किसायचा म्हणजे थट्टा नाही. डॉक्टरांनी ह्यांचा भात बंद केला तेव्हा हे लहान मुलासारखे रुसून बसले होते. मग कुठेसं वाचलं की फ्लॉवर किसून त्याचा भातासारखा दाणा करता येतो आणि साखर वाढत नाही. तुरे वेगळे करायचे, दांडा काढायचा, जाड किसणीवर किसायचं, मलमलच्या फडक्यात बांधून पिळायचं, मग कोरड्या तव्यावर परतायचं. पाणी राहिलं तर लगदा होतो, जास्त परतलं तर करपतं. इतकं करून ताटात वाढलं की तुझा दादा म्हणतो, "आज ओला भुसा आहे की सुका?" भाजीवालीला वाटतं आमच्याकडे खानावळ आहे. परवा विचारत होती, किती माणसं जेवतात?

मी तो खात नाही, हे तुला सांगायला नको. बोर्डिंगमधला तो शुक्रवारचा उकडलेला फ्लॉवर आठवतो ना? ताटलीभोवती पिवळं पाणी. सिस्टरची पाठ वळली की माझा वाटा तू गिळायचीस आणि वर तोंड पुसून दाखवायचीस. आजही तो वास आला की मी श्वास धरते. किसते, परतते, वाढते; चाखत नाही. पण ह्यांना बंद म्हणून भात मीही सोडलाय. मी समोर बसून भात खावा आणि ह्यांनी बघत राहावं, हे मला जमणार नाही. मी आपली पाव आणि रस्सा खाते.

एप्रिल महिन्यात गोदीतली वैद्यकीय तपासणी आहे. तीन महिन्यांची साखर बघतात आणि डोळे. नापास झाले तर क्रेनवरून उतरवतील. निवृत्तीला अजून चार वर्षं आहेत आणि हे म्हणतात, शेवटच्या दिवशीही मी माझ्या पायांनीच शिडी उतरणार. वर केबिनमध्ये बसलं की सगळं बंदर हातात असतं म्हणे. म्हणून माझा जीव टांगणीला आहे. तुझी पाकिटं लागू पडोत.

कशी शिजवायची तेवढं नीट लिही.

तुझी मुनी

२० जानेवारी

मुने,

पत्र वाचून हसू आलं आणि जरा रडूही. भुसा म्हणतो काय! सांग त्याला, तुझी बहीण आता भुशाची मालकीण आहे.

आता नीट वाच. पाकीट बाहेर काढून ठेवायचं नाही. थेट बर्फातून तव्यावर. तवा आधी चांगला तापलेला हवा, वर झाकण नको, मीठ अगदी शेवटी. मीठ आधी घातलंस की पाणी सुटतं. आणि ढवळत बसू नकोस, तुला सगळं ढवळत बसायची सवय आहे.

खरं सांगायचं तर पहिल्या खेपेबद्दल गिऱ्हाइकांच्या तक्रारी आल्यात. पाणी सुटतं, चोथा लागतो, मुलं तोंड वाकडं करतात. दुकानदार माल परत पाठवतो. इथे पाच बायका माझ्या जिवावर कामाला आल्यात आणि मोठा फ्रीझर रिकामा घरघरतोय. पण मी हात टेकणाऱ्यांतली नाही. दोन-चार प्रकार करून बघतेय. पुढच्या खेपेला दाणा मोकळा येईल बघ.

दादाची पाकिटं मी स्वतः बाजूला काढणार. त्यात तू पडू नकोस आणि आभारबिभार तर मुळीच मानू नकोस. मनगटाला शेक दे. आता किसणी माळ्यावर टाक.

भिंगरी

२ मार्च

प्रिय भिंगरी,

तुझ्या हाताला काय गुण आलाय ग! नव्या खेपेचं पहिलं पाकीट मी तू सांगितलंस तसं परतलं. दाणा न दाणा सुटा, पांढराशुभ्र, लगदा नाही, काही नाही. वासही फारसा आला नाही. ह्यांच्यासमोर ताट ठेवलं. पहिला घास घेतला आणि चमचा तसाच हातात धरून थांबले. मला वाटलं, आता काहीतरी वाकडं बोलणार. पण छे! खाली मान घालून सगळं संपवलं आणि ताटली निपटून घेतली. निपटून! गेल्या वर्षभरात ह्या घरात ताटली निपटल्याचा आवाज ऐकला नव्हता.

तेव्हापासून घरात उजेड पडल्यासारखं झालंय. डब्यातही तेच देते. संध्याकाळी डबा रिकामा आणि धुतलेला येतो. चपला काढताना शीळ घालतात. परवा भाजीवालीने हाक मारून विचारलं, खानावळ बंद केली का? मी म्हटलं, हो, आमच्या नणंदबाई चालवतात आता.

फक्त एक गोष्ट खुपते आहे. सकाळी बोटाला सुई टोचून साखर बघतो, ती उतरायची सोडून चढतेय. आधी वाटलं यंत्र बिघडलं. नवीन आणलं, तेही तेच सांगतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, घरचं पथ्य ठीक आहे हो, बाहेरचं काय? मी ठामपणे म्हटलं, हे बाहेर काही खात नाहीत. पण घरी येताना पायऱ्यांवर मला आठवलं की क्रेनच्या खालीच कँटीन आहे आणि दुपारी तिथून भाताचा वास केबिनपर्यंत जातो, असं ह्यांनीच एकदा सांगितलं होतं.

भिंगरे, तू त्याला माझ्याआधीपासून ओळखतेस. तुला काय वाटतं? मला खोटं सांगतील का?

तुझी मुनी

११ मार्च

मुने,

तू मला ओळखायला लावतेस तर सांगते. दादा म्हणजे भाताच्या पातेल्याचा पहारेकरी. लहानपणी आई झाकण ठेवून पाठ वळवायची आणि हा उभ्या उभ्या चटके खात मूठभर उचलायचा. वर तोंड भरलेलं असताना "मी नाही" म्हणायचा. मार मलाही पडायचा, कारण मी दाराशी राखण करायचे.

आता वय झालं म्हणून माणसाची जीभ बदलते का? कँटीनवाल्याशी त्याची दोस्ती असणार. मी तुझ्या जागी असते तर लक्ष ठेवलं असतं. ओरडू नकोस, पण नजर ठेव. पुरुषांना वाटतं, घराबाहेर खाल्लं की ते अंगाला लागत नाही.

माझं चांगलं चाललंय. तो परत पाठवणारा दुकानदार आता स्वतः फोन करतो. शहरातल्या तीन दुकानांनी माल मागितलाय. बायका दोन पाळ्यांत येतात. उभ्याने जेवते, पण सुखाने जेवते. ह्या खेपेला जास्त पाकिटं टाकली आहेत.

भिंगरी

४ मे

प्रिय भिंगरी,

मधे इतके दिवस लिहिलं नाही. काय लिहावं कळत नव्हतं.

तपासणीत हे नापास झाले. तीन महिन्यांची साखर गेल्या वर्षापेक्षा जास्त निघाली आणि उजव्या डोळ्याच्या पडद्यावर डाग आलाय. आता गोदीच्या फाटकाजवळच्या खोपटात बसून आत जाणाऱ्यांना पास देतात. क्रेनवर एक तरुण मुलगा चढतो. हे खुर्ची उलटी फिरवून बसतात, म्हणजे क्रेन दिसत नाही.

पण त्याआधी मी जे केलं ते तुला सांगते. तुझं पत्र आल्यावर मी नजर ठेवायला लागले. खिसे बघितले. शर्टाचा वास घेतला. ह्या वयात, भिंगरी, मी नवऱ्याच्या शर्टाला भाताचा वास येतो का, ते बघत होते. काही सापडलं नाही, तेव्हा आणखीच संशय आला. मग एका दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी कँटीनमध्ये गेले. बाकड्यांवर सगळे कामगार बसलेले. मी कँटीनवाल्याला विचारलं, आमचे हे तुमच्याकडे भात घेतात का. हळूच विचारायचं ठरवलं होतं, पण पंखे इतके खडखडत होते की मोठ्याने विचारावं लागलं. सगळ्या माना वळल्या. कँटीनवाला म्हणाला, बाई, ते आमच्याकडे चहासुद्धा बिनसाखरेचा घेतात. कोणीतरी हसलं. पलीकडून आवाज आला, क्रेनवाल्या उस्तादांच्या मागे पोलीस लागले. आणि मग मला दिसलं की हे दारातच उभे आहेत, हातात माझा डबा.

घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "बाहेरच्या भाताचं एक शीतही मी तोंडात घातलेलं नाही."

मी विश्वास ठेवला नाही. कँटीनवाला तुमचाच मित्र, तुम्ही त्याला पढवलंय, असं मी म्हणाले. तीस वर्षांत इतकं कडू बोललेली मला आठवत नाही. हे उठून गॅलरीत गेले. तेव्हापासून आम्ही मीठ आण, दार लाव, एवढंच बोलतो. शीळ बंद आहे. जेवतात मात्र नीट, तुझं पाकीट कधी टाकत नाहीत. तेवढाच मला आधार.

तू त्याला एक खरमरीत पत्र लिही. माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. उरलेला डोळा तरी वाचायला हवा.

तुझी मुनी

१५ मे

मुने,

वाचून फार वाईट वाटलं. कामाच्या रगाड्यात आहे, थोडक्यात लिहिते. किसायचं नवं मशीन आलंय आणि ते रोज रुसतं.

दादाला पत्र लिहिणं मला जमणार नाही. मोठा भाऊ आहे, मी काय शिकवू? तूही आता त्याला फार बोलू नकोस. झालं ते झालं. वयाप्रमाणे साखर वाढतेच, त्याला खाण्याचंच कारण असतं असं नाही. फाटकावरचं काम बरंच म्हणायचं, शिडी चढायला नको.

सोबत खोका पाठवतेय. जपून राहा.

भिंगरी

६ जून

भिंगरी,

तुझा खोका संपत आला होता. काल एकच पाकीट उरलं होतं आणि ते दोन वेळा पुरलं नसतं, म्हणून मी माळ्यावरून किसणी काढली आणि बाजारातून एक लहान गड्डा आणला. सवय मोडली होती. शेवटच्या तुऱ्याशी अंगठ्याची साल निघाली. बोट नळाखाली धरलं, आयोडीनची बाटली काढली आणि ओट्यापाशी उभी राहून कापसाने लावायला लागले. शेजारी दोन ताटल्या होत्या. एकीत मी किसलेला फ्लॉवर, दुसरीत तुझं पाकीट ओतलेलं. कापसातून थेंब गळला, तो तुझ्या ताटलीत.

मी ताटली उचलून टाकून देणार होते. पण तो डाग तपकिरी राहिला नाही. माझ्या डोळ्यांदेखत काही दाणे निळेकाळे झाले. सगळे नाहीत. दोन तपकिरी, एक काळा, असे.

तुला आठवतं का, विज्ञानाच्या सिस्टरने बटाट्याची चकती कापून तिच्यावर आयोडीन टाकलं होतं? ती काळी पडली तेव्हा तू माझा दंड धरून म्हणाली होतीस, बटाट्याला भूत लागलं. पिठूळ काहीही असलं की काळं पडतं, असं त्यांनी फळ्यावर लिहिलं होतं. मी माझ्या ताटलीत मुद्दाम थेंब टाकला. तपकिरी राहिला. पुन्हा टाकला, तरी तपकिरी. मग तुझ्या ताटलीतला एक काळा दाणा धुऊन बोटांत चुरडला. तांदळाची कणी होती. अर्धी शिजवून, वाळवून, नेमकी फ्लॉवरच्या किसाएवढी.

मोकळा दाणा म्हणालीस तो हा.

मी खुर्चीवर बसले. नव्या खेपेपासून दोन्ही वेळा मी माझ्या हाताने ह्यांना भात वाढत होते, आणि त्याच भाताचा वास शोधत ह्यांचे शर्ट हुंगत होते. तू हे जाणत होतीस. मी तुला विचारलं, खोटं सांगतील का, आणि तू मला पातेल्याची गोष्ट सांगितलीस. नजर ठेव म्हणालीस. तुझ्या सख्ख्या भावाला तू चोर ठरवलंस आणि मला पहाऱ्यावर बसवलंस. मी कँटीनमध्ये गेले ते तुझ्या पत्राचा हात धरून.

एवढंच असतं तर मी फक्त तुझ्यावर रागावले असते. संध्याकाळी हे आले. मी ताटली समोर ठेवली आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, हे संतापतील. खरं सांगते, मी माफी मागायची तयारी करून बसले होते. शब्द जुळवून ठेवले होते. ह्यांनी ताटलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "पहिल्या घासालाच कळलं होतं मला."

मी विचारलं, मग बोलला का नाहीत.

"बोललो असतो तर पाकिटं बंद झाली असती."

मी कँटीनमध्ये तमाशा केला, तेव्हाही? मान डोलावली. साखर चढत होती, तेव्हाही? म्हणाले, एवढ्याशाने काय होतंय असं वाटलं. बाहेरच्या भाताचं शीतही खाल्लं नाही, असं ज्या वाक्यात म्हणाले, ते वाक्य मी आता पुन्हा मनात म्हणून बघते. किती जपून बांधलेलं होतं ते.

मुनी

१४ जून

मुने,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितेय. दोन कागद फाडून झाले.

कणी घालते. सगळेच घालतात, थोडी. पाच घरं चालतात त्याच्यावर. पण दादाला मी फसवलं नाही. कणीची पहिली खेप त्याने खाल्ली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने गोदीतून फोन केला होता. इतकंच म्हणाला, ह्या वेळचं छान झालंय, असंच पाठव. मी म्हटलं, दादा, तुला चालेल ना? तो म्हणाला, तू पाठव. त्यापुढे मी काय विचारायचं आणि त्याने काय सांगायचं? आम्ही दोघं असेच वाढलोय. दाराशी कोण उभं आहे हे आम्हाला बोलून सांगावं लागत नाही.

तू नजर ठेवशील, काही सापडणार नाही, आणि विसरून जाशील, असं मला वाटलं होतं. कँटीनपर्यंत जाशील असं वाटलं नव्हतं. तू कधी कुठे जात नाहीस.

आणि रागावणार असलीस तर रागव, पण एक विचारते. वर्षभर तू जे त्याच्या ताटात वाढलंस, ते एकदा तरी चाखलंस का? ते गिळताना त्याचं तोंड कसं व्हायचं, ते तू पाहिलंच असशील. तू भात सोडलास, ते सगळ्यांना कौतुकाने सांगितलंस, पण फ्लॉवर नाही खाल्लास. त्याने माझ्याकडे एक मागितलं, मी दिलं. बहिणीने आणखी काय करायचं असतं?

डोळ्याचं वाचून मला झोप लागत नाही. ह्यापुढे त्याची पाकिटं वेगळी करते. कणीशिवाय, माझ्या हाताने, वर खूण करून. मुने, आपलं मोडू नकोस. मला दुसरी कोणी नाही.

भिंगरी

३० जून

भिंगरी,

तू विचारलंस त्याचं उत्तर देते. चाखलं नव्हतं. तुझं पत्र वाचलं आणि ओट्यापाशी उभी राहून एक चमचा खाल्ला, माझ्या हाताने किसलेल्या फ्लॉवरचा. बोर्डिंगचाच वास. गिळला. मग दुसरा खाल्ला. तू म्हणतेस तसंच आहे, वाईट लागतं. हे मला दोघांपैकी कोणीही सांगू शकलं असतं. ह्यांनी ताट बाजूला सारून म्हटलं असतं, मला हे जात नाही, तर मी दुसरं काही शोधलं असतं, रडले असते, भांडले असते, डॉक्टरांकडे जाऊन हुज्जत घातली असती. भुशाची थट्टा करायचे, आणि मला वाटायचं, थट्टा करतात म्हणजे चाललंय.

तुम्ही दोघं न बोलता एकमेकांना समजता, हे मला कौतुकानेच माहीत होतं. तीस वर्षं मी त्याच घरात आहे असं समजत होते. ते माझं चुकलं. मी दाराबाहेरची निघाले, जिची पाठ वळायची तुम्ही वाट बघता ती.

पाकिटं पाठवू नकोस. खूण केलेली असोत नाहीतर नसोत, ती उघडताना माझा हात आयोडीनच्या बाटलीकडे जाईल, आणि तसं मला जगायचं नाही. शेवटचा खोका आला तो बसवाल्याकडे तसाच परत दिला आहे.

आता आमच्याकडचं सांगते, कारण डोळ्याची काळजी तुला खरीच असेल. डोळ्याच्या डॉक्टरांनी डाग थांबवला आहे, पुसता येणार नाही म्हणाले. दुसरा डोळा चांगला आहे. साखर उतरते आहे. मी किसायचं सोडलंय. ह्यांना म्हटलं, तुमचा तुम्ही किसा. पहिल्या दिवशी ओटाभर सडा झाला. आता जमतं. क्रेनच्या मुठी धरायची सवय म्हणून की काय, किसणीही दोन्ही हातांनी धरतात.

मी परवा भात टाकला. एका माणसाचा. लहान पातेलं शोधावं लागलं. पुष्कळ दिवसांनी घरात तो वास सुटला आणि मी हात आवरला नाही. ताट घेऊन ह्यांच्यासमोरच बसले. पाठ वळवून नाही. मला वाटलं होतं, घास उतरणार नाही. उतरला. हे बघत होते आणि मी बघू दिलं.

फाटकावरून आले की हल्ली न विचारता सगळं सांगतात. सकाळी काय खाल्लं, कोणी काय पुढे केलं, ह्यांनी नको म्हटलं. पूर्वी असं कधी सांगायचे नाहीत. मी भाजी निवडत ऐकते आणि हं म्हणते. काल स्वतः केलेला फ्लॉवर ताटात घेतला, दोन घास खाल्ले आणि म्हणाले, "आज खरंच चांगला झालाय."

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. खरं असेलही. मला आता ओळखता येत नाही.

वहिनी